स्वास्थ्याची मोजपट्टी कोणाच्या हातात?

न्यूझीलंड म्हटले की आपल्याकडच्या माणसाला क्रिकेटचा संघ आठवतो, फार तर हिरवी कुरणे आणि मेंढ्या. रग्बी पाहणाऱ्यांना सामन्यापूर्वी मांड्यांवर थापा मारत माओरींचे 'हाका' हे युद्धनृत्य करणारे धिप्पाड खेळाडू आठवतील. त्या खेळाडूंपैकी कितीतरी जण सामोआ, टोंगा, फिजी या पॅसिफिक महासागरातील बेटांवरून आलेल्या घराण्यांतले असतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. २०२३ च्या जनगणनेत न्यूझीलंडमधील ४,४२,६३२ लोकांनी आपली ओळख 'पॅसिफिक' अशी नोंदवली. देशाच्या लोकसंख्येत हे प्रमाण ८.९ टक्के आहे. मैदानावर या समाजाच्या पोरांसाठी टाळ्या वाजतात. मैदानाबाहेर त्यांच्या वाट्याला काय येते?

२००३-०४ मध्ये त्या देशात मानसिक आरोग्याची एक मोठी राष्ट्रीय पाहणी झाली. 'ते राउ हिनेंगारो' हे तिचे माओरी नाव. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅसिफिक समाजातील २५ टक्के प्रौढांना आदल्या वर्षभरात नैराश्य, चिंता, व्यसनाधीनता अशा कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने गाठले होते. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण २०.७ टक्के होते. विकार गंभीर असूनही पॅसिफिक समाजातले फक्त २५ टक्के रुग्ण मानसिक तक्रारीसाठी आरोग्यसेवेच्या दारापर्यंत पोहोचले होते, तर एकूण लोकसंख्येत असे रुग्ण ५८ टक्के होते. आजार जास्त आणि उपचार कमी! जगभरच्या वंचितांच्या बाबतीत हे असेच घडते, म्हणून यात कोणाला नवल वाटणार नाही. नवल वाटावे असे आकडे याच पाहणीत पुढे आहेत.

संशोधकांनी पॅसिफिक लोकांची आणखी विभागणी केली. वयाची अठरा वर्षे बेटांवर काढून मग न्यूझीलंडला आलेले एका बाजूला आणि न्यूझीलंडमध्येच जन्मलेले दुसऱ्या बाजूला. सामान्य बुद्धीने विचार केला तर जास्त हाल पहिल्यांचे असायला हवेत. नवा देश, परकी भाषा, कारखान्यातील रात्रपाळी, गोऱ्या मुकादमाची अरेरावी हे सगळे त्यांनीच भोगलेले. दुसऱ्यांना तर इंग्रजी शाळा मिळाली, जन्मसिद्ध नागरिकत्व मिळाले, मोठे दवाखाने मिळाले. परंतु प्रौढपणी आलेल्यांमध्ये विकाराचे प्रमाण १५.१ टक्के निघाले आणि तिथेच जन्मलेल्यांमध्ये ३१.४ टक्के. म्हणजे दुपटीहून अधिक!

या फरकातला काही भाग वयाचा आहे, हे खरे. तिथे जन्मलेले वयाने लहान आहेत आणि असे विकार तरुणांमध्ये जास्त आढळतात. शिवाय सातासमुद्रापलीकडे जाणारा माणूस मुळात धट्टाकट्टा असतो, हेही आहे. हे सारे हिशेबात धरूनही एक प्रश्न उरतोच. 'आमच्यात मिसळा, आमच्यासारखे व्हा, म्हणजे सुखी व्हाल' हा उपदेश गोऱ्या समाजाने या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या केला. ज्या पिढीने तो उपदेश जन्मापासून ऐकला, तिच्याच पदरी जास्त दुःख का आले?

उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना हात हवे होते. सामोआ, टोंगा, कुक आयलंड्स, नियूए, टोकेलाऊ या बेटांवरून माणसे आली. त्यांनी जुळवणीच्या कारखान्यांत, खाटीकखान्यांत, साफसफाईच्या कामांत घाम गाळला. काम होते तोवर परवान्याची मुदत संपली की नाही, हे कोणी फारसे पाहत नव्हते. १९७३ नंतर अर्थव्यवस्था गडगडली आणि कालचे कामगार रातोरात 'घुसखोर' ठरले. १९७४ ते १९७६ या काळात पोलीस कुत्री घेऊन पहाटे पॅसिफिक लोकांच्या घरांत शिरत, झोपलेल्यांना उठवून कागद मागत. इतिहासात या धाडी 'डॉन रेड्स' म्हणून नोंदल्या गेल्या आहेत. ऑक्टोबर १९७६ मध्ये तर ऑकलंडच्या रस्त्यांवर कातडीचा रंग पाहून माणसे अडवण्यात आली. मुदत उलटूनही राहिलेल्यांमध्ये फक्त पॅसिफिक लोकच होते काय? मुळीच नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मुदतबाह्य राहणाऱ्यांत पॅसिफिक लोक एक तृतीयांश होते. परंतु ज्यांच्यावर खटले भरले गेले त्यांत ते ८६ टक्के होते. ब्रिटन-अमेरिकेतून आलेले मुदतबाह्य लोकही जवळजवळ एक तृतीयांश होते. त्यांच्यावरचे खटले होते ५ टक्के. कायदा एकच होता, पण तो कोणावर उगारायचा हे कातडी पाहून ठरत होते.

याच वातावरणात जून १९७१ मध्ये ऑकलंडच्या पॉन्सनबी भागात काही तरुणांनी 'पॉलिनेशियन पँथर्स' ही संघटना उभारली. नाव अर्थातच अमेरिकेतल्या काळ्या पँथर्सवरून घेतलेले. दुसऱ्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर जन्माला आली, तिनेही नाव तिथूनच घेतले होते. एकाच ठिणगीने दोन समुद्रांच्या काठी दोन मशाली पेटल्या, आणि बहुधा एकीला दुसरीची खबरही नव्हती. पॉन्सनबीच्या पँथर्सनी मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवले, भाडेकरूंना मदत केली, कैद्यांच्या नातेवाइकांना भेटीसाठी तुरुंगापर्यंत नेण्याची बस चालवली. पोलिसांनी अडवले तर आपले हक्क कोणते, हे सांगणारी पुस्तिका काढली. त्या कामी त्यांना मदत करणारा तरुण वकील डेव्हिड लँगे पुढे १९८४ मध्ये देशाचा पंतप्रधान झाला. आणि पहाटेच्या धाडींना त्यांनी दिलेले उत्तर तर मोठे खमंग होते. पँथर्स स्वतःच पहाटे मंत्र्यांच्या घरासमोर विजेऱ्या आणि कर्णे घेऊन उभे राहिले आणि बाहेर येऊन आपले कागद दाखवा, अशी मागणी करू लागले!

सांगायचा मुद्दा असा की, ज्या मुलाने आपल्या बापाला पहाटे अंथरुणातून ओढून नेलेले पाहिले, त्याच्या मनात 'मी कोण?' हा प्रश्न पुस्तकातून आलेला नसतो. आपली भाषा, आपले नाव, आपला रंग हेच आपल्या बापाच्या अपमानाचे कारण, असे त्याला वाटू लागते. कित्येक घरांत आईबापांनीच मुलांशी मातृभाषेत बोलणे सोडले. पोरांची शाळेत हेटाळणी होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. परिणाम काय झाला? इंग्रजी आली तरी गोऱ्यांनी पोराला आपले मानले नाही. आजोळी गेला तर तिथे त्याला 'फिया पालांगी', म्हणजे गोरा होऊ पाहणारा, असे हिणवले गेले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ना, तशी गत. जेमायमा टिआटिआ या सामोअन संशोधक स्त्रीने १९९८ मध्ये न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या याच पिढीच्या कोंडीवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी आपल्या समाजाच्या चर्चलाही सोडले नाही. वडीलधाऱ्यांपुढे तरुणांनी तोंड उघडायचे नाही या रिवाजाने मुलांचे मन कसे कोंडते, हे त्यांनी लिहिले. आपल्याच समाजाला आरसा दाखवण्याचे हे धाडस महत्त्वाचे आहे, कारण अस्मितेच्या नावाखाली आपल्याच लोकांचा आवाज दाबण्याचा उद्योग सगळीकडे चालतो.

आता संशोधनाकडे वळू. स्वास्थ्य मोजण्याच्या ज्या पाश्चात्त्य पट्ट्या होत्या, त्या सुटा माणूस समोर ठेवून बनवलेल्या. 'तुम्ही तुमच्या आयुष्यावर किती समाधानी आहात?' असे त्या विचारतात. सामोअन किंवा टोंगन माणसाला हा प्रश्नच अपुरा वाटतो. कोणाचे आयुष्य? माझ्या बहिणीच्या मुलाची फी भरायची राहिली असेल, बेटावरच्या आजीला पैसे पाठवायचे राहिले असतील, तर मी एकटा समाधानी कसा? सामोअन भाषेत 'वा' असा एक शब्द आहे. दोन माणसांमधले अंतर असा त्याचा ढोबळ अर्थ, पण ते रिकामे अंतर नव्हे, नात्याने भरलेली जागा. ती जागा जपणे, तिची निगा राखणे हे माणसाचे कर्तव्य मानतात आणि ती बिघडली की माणूस आजारी पडतो, असे मानतात. २००५ मध्ये सामोअन वडीलधाऱ्यांशी बोलून झालेल्या एका अभ्यासातून हेच पुढे आले की, त्यांच्या लेखी नात्यांवेगळा असा 'स्व' नसतोच.

मानसिक आरोग्य क्षेत्रातले सामोअन परिचारक फुइमाओनो कार्ल पुलोटू-एंडेमन यांनी तर १९८० च्या दशकातच यावर एक साधे चित्र तयार केले होते. त्याला त्यांनी आपल्या आजीचे नाव दिले, 'फोनोफाले'. सामोअन घर डोळ्यांपुढे आणा. भिंती नाहीत, खांबांवर उभे. घराचा पाया म्हणजे कुटुंब. छप्पर म्हणजे संस्कृती. मधले चार खांब म्हणजे शरीर, मन, अध्यात्म आणि चौथ्यात वय, लिंगभाव, आर्थिक-सामाजिक स्थिती असे बाकीचे सारे. घराभोवती काळ, परिसर आणि परिस्थितीचे वलय. डॉक्टर एका खांबाला मलम लावत बसला आणि छप्परच उडालेले असेल, तर पावसात भिजणारा माणूस बरा कसा होणार? त्याच सुमारास, १९८४ मध्ये, मेसन ड्युरी या माओरी डॉक्टरांनी माओरींच्या आरोग्यासाठी चार भिंतींच्या घराची कल्पना मांडली होती. दोघांनाही स्वास्थ्य म्हणताच घर आठवले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

पण धोरण ठरवणाऱ्यांना चित्रे पटत नाहीत, आकडे लागतात. तेव्हा सॅम मॅन्युएला या कुक आयलंड्सच्या वंशाच्या संशोधकाने ख्रिस सिब्ली यांच्यासह ऑकलंड विद्यापीठात एक मोजपट्टी तयार केली. २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पॅसिफिक लोकांची अस्मिता आणि त्यांचे स्वास्थ्य एकत्र मोजणारी ही प्रश्नावली आहे. तिच्यात पाच बाजू तपासल्या जातात. कुटुंबातील नात्यांविषयीचे समाधान; न्यूझीलंडच्या समाजाकडून आणि शासनाकडून मिळणाऱ्या वागणुकीविषयीचे समाधान; पॅसिफिक असणे हा आपल्या असण्याचा किती महत्त्वाचा आणि अभिमानाचा भाग वाटतो; इतर पॅसिफिक लोकांशी नाळ किती जुळलेली वाटते; आणि धर्माचे जीवनातले स्थान. पुढे २०१५ मध्ये सहावी बाजू जोडण्यात आली, ती म्हणजे आपली भाषा आणि चालीरीती आत्मविश्वासाने वापरता येतात की नाही. यातली दुसरी बाजू वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. 'तू किती आनंदी आहेस' एवढेच विचारून ही पट्टी थांबत नाही, 'समाज आणि सरकार तुझ्याशी कसे वागते' हेही विचारते. दुःखाचा पत्ता केवळ दुःखी माणसाच्या डोक्यात शोधणाऱ्या मानसशास्त्राला हे मोठे उत्तर आहे.

मॅन्युएला यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मांडले की, भेदभाव वाट्याला आला की कुटुंब, जीवन आणि आरोग्य यांविषयीचे समाधान घटते. परंतु ज्यांची पॅसिफिक अस्मिता भक्कम असते, त्यांना त्याचा फटका कमी बसतो. आधीच्या एका मोठ्या अभ्यासाचा रोखही असाच होता. ऑकलंडच्या मिडलमोर रुग्णालयात २००० साली जन्मलेल्या १,३९८ पॅसिफिक बालकांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा मागोवा संशोधक घेत आले आहेत. त्यातून २०११ मध्ये निघालेला एक निष्कर्ष सांगतो की, ज्या मातांची नाळ पॅसिफिक संस्कृतीशी घट्ट होती, त्यांच्यात माता-बालकांच्या आरोग्याला धोक्याच्या खुणा कमी होत्या. आपली संस्कृती सोडून गोऱ्या रीतीत विरघळलेल्या मातांची स्थिती त्यांच्याहून वाईट होती. 'तुमची संस्कृतीच तुमचा रोग आहे' असे सांगणाऱ्यांनी हा निष्कर्ष वाचायला हवा.

याचा अर्थ जुन्याला कवटाळून बसावे, असा मात्र कोणी काढू नये. कवयित्री आणि संशोधक कार्लो मिला यांनी २०१० च्या आपल्या प्रबंधात दुसऱ्या पिढीचा अभ्यास केला. त्यांच्या मते ही मुले दोन जगांत अडकलेली आहेत असे रडगाणे गाण्यापेक्षा, दोन-तीन जगांत वावरण्याचे त्यांचे कसब हे भांडवल आहे असे पाहावे. आपल्यांत स्वीकार आणि इतरांतही स्वीकार, असे दोन्ही ज्याला लाभते त्याची गाडी पुढे जाते. पण इतरांनी स्वीकारणे हे काही त्या मुलाच्या हातात नसते. भांडवल कितीही असले तरी बाजाराने ते घेतलेच नाही, तर?

'पॅसिफिक' हे नावही तपासून पाहिले पाहिजे. बेटावर कोणी 'पॅसिफिक' नसतो. तिथे तो सामोअन असतो, टोंगन असतो, अमुक गावचा, अमक्या घराण्याचा असतो. विमानातून ऑकलंडला उतरला की सगळे मिळून 'पॅसिफिक'. हे नाव आधी सरकारी कागदावरचे, दुसऱ्याने दिलेले. दिलेले नाव आणि घेतलेले नाव यांतला फरक या पानाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे पँथर्सपासून संशोधकांपर्यंत सर्वांनी त्या एकत्र नावातून बळ मिळवले, हेही तितकेच खरे. पण त्या नावाखाली लहान समूह दडपले जातात. नियूए बेटावर आज दोन हजारांहूनही कमी माणसे राहतात आणि २०१८ च्या जनगणनेत न्यूझीलंडमध्ये ३०,८६७ नियूएन होते. त्यांची भाषा टिकली तर न्यूझीलंडमध्येच टिकेल. दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी सुमारे ६० हजार भारतीय मजुरांना गिरमिटावर फिजीत उसाच्या मळ्यांत नेले. त्यांचे वंशज पाच-पाच पिढ्या पॅसिफिकमध्ये जगले. पण न्यूझीलंडला आले की त्यांची गणना 'पॅसिफिक' गटात न होता आशियाई भारतीयांत होत आली. ज्या भारताने त्यांना पाठवून विसरून टाकले, तोच त्यांच्या कपाळी पुन्हा लिहिला गेला.

फिजीतच राहून शिकवणारे टोंगन विचारवंत एपेली हाउओफा यांनी १९९३ मध्ये एक निबंध लिहून या साऱ्या नावांच्या मुळावरच घाव घातला. समुद्रात विखुरलेले चिमुकले ठिपके म्हणून बेटांकडे पाहणे ही वसाहतवाल्यांची नजर. बेटांवरच्या माणसांसाठी समुद्र हाच त्यांचा देश, त्यांना जोडणारा रस्ता, असे ते म्हणाले. आपल्या लहानपणाची खंत वाटून घेणे हेही एक लादलेले दुखणे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता एक धोका. अस्मिता भक्कम असली की भेदभावाचा फटका कमी बसतो, हा निष्कर्ष ऐकून एखादा मंत्री खूश होईल. घरे बांधायला नकोत, पगार वाढवायला नकोत, वर्षातून एकदा नृत्य-महोत्सव भरवला की झाले! म्हणून दुसरेही आकडे सोबत ठेवले पाहिजेत. १९८४ नंतरच्या खुल्या आर्थिक धोरणाने कारखाने बंद पडले आणि सर्वांत आधी पॅसिफिक कामगार रस्त्यावर आले. १९८६ मध्ये यांच्यापैकी निम्मे लोक स्वतःच्या कुटुंबाच्या मालकीच्या घरात राहत होते. २०१३ पर्यंत ते प्रमाण एक तृतीयांशावर घसरले. भाड्याच्या ओलसर, दाटीवाटीच्या घरांतून पसरणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा निकामी करतो. त्या श्रीमंत देशात हा ताप जवळजवळ फक्त माओरी आणि पॅसिफिक मुलांनाच होतो. मुलाला सामोअन भाषा उत्तम येते म्हणून त्याच्या खोलीतली ओल सुकत नाही.

१ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंडच्या नगरभवनात पहाटेच्या धाडींबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली. सामोअन 'इफोगा' विधीप्रमाणे त्या बसल्या, त्यांच्यावर चटई पांघरली गेली आणि समाजाने ती उचलून त्यांना क्षमा केली. अनेकांचे डोळे पाणावले. महिनाही झाला नव्हता, तोच करोनाची साथ ऑकलंडमधील एका सामोअन चर्चच्या मेळाव्यातून पसरल्याची बातमी आली आणि त्या लोकांवर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार सुरू झाला. चाचण्या करून घ्या, असे त्या चर्चने आपल्या सभासदांना सांगितलेही होते. त्याची दखल कोण घेतो?

१९८२ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने फालेमाई लेसा या सामोअन स्त्रीच्या खटल्यात निकाल दिला की, १९२४ ते १९४८ या काळात पश्चिम सामोआत जन्मलेले लोक न्यूझीलंडचे नागरिकच आहेत. सरकारने त्याच वर्षी घाईघाईने कायदा करून त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. ते परत मिळवण्याची वाट नोव्हेंबर २०२४ मधल्या कायद्याने खुली केली. तोवर त्यातला सर्वांत धाकटाही पंचाहत्तरीला आला होता.

आणि त्याच २०२४ मध्ये सरकारने आपल्या खात्यांना बजावले की, सेवा वंशाच्या आधारे नव्हे तर गरजेच्या आधारे द्या. पॅसिफिक लोकांसाठीच्या मंत्रालयात मोठी नोकरकपात झाली. गरज पाहा, समाज पाहू नका, हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. आपण तो दुसऱ्या शब्दांत रोज ऐकतो. पण गरज दिसणार कशी? ३१.४ आणि १५.१ हे दोन आकडे दिसले, कारण कोणीतरी माणसांना त्यांचा समाज विचारला होता, जन्म कुठे झाला हे विचारले होते आणि पॅसिफिक लोकांची संख्या मुद्दाम पुरेशी धरली होती. २००६ नंतर किमान पंधरा वर्षे प्रौढांची तशी पाहणी त्या देशात पुन्हा झाली नाही.